जुना बँड पुन्हा जमवायचाय? आधी एक नवं गाणं करा

"परत वाजवूया का?" हा मेसेज ग्रुपवर पडला की तासाभरात सगळं ठरून जातं. कोणीतरी जुना फोटो टाकतं, कोणी जागेचं बघतो म्हणतं, डिसेंबरमधली तारीखही निघते. कार्यक्रम होतो, जुनी आठ गाणी वाजतात, मित्रमंडळी खूश होतात. जानेवारीपासून ग्रुप पुन्हा शांत.

जुनी गाणी एकदा वाजवण्यासाठी भेटणं आणि नवं संगीत करण्यासाठी एकत्र येणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याला चार तालमी पुरतात. दुसऱ्याचा क्रमच वेगळा असतो, आणि हा लेख त्या दुसऱ्या कामासाठी आहे. कोणत्याही कंपनीच्या पाठबळाशिवाय, स्वतःच्या खिशातून ज्यांनी कधीकाळी रॉक बँड चालवला आणि आता पहिल्यांदाच तो पुन्हा उभा करायला निघालेत, त्यांच्यासाठी. माझा आग्रह एकच: घोषणा, कार्यक्रम आणि टी-शर्ट यांच्या आधी एक नवं गाणं पूर्ण करा. बाकीच्या पायऱ्या त्या गाण्यापर्यंत पोचण्यासाठी आहेत.

आपल्या जवळचं उदाहरण इंडस क्रीडचं. मुंबईत १९८४ मध्ये 'रॉक मशीन' या नावाने सुरू झालेल्या या बँडने १९९३ मध्ये नाव बदललं आणि १९९७ मध्ये काम थांबवलं. गायक उदय बेनेगल न्यूयॉर्कला गेले. भारतात परतल्यावर ते आणि गिटारवादक महेश तिनईकर दोघंच एका छोट्या अकूस्टिक जोडीत वाजवत होते. २०१० मध्ये बँड पुन्हा उभा राहिला तो या दोघांसह कीबोर्डवादक झुबिन बालापोरिया, आणि बेस-ड्रम्सवर दोन तरुण वादक घेऊन. नवा अल्बम आला २०१२ मध्ये. यातून तीन गोष्टी घ्या. पुनर्मीलनाच्या आधीच दोन माणसं नियमित वाजवत होती. जुने सगळे परतले नाहीत. आणि नवं काम बाहेर यायला दोन वर्षं गेली.

पहिली पायरी: ग्रुपवर नको, एकेकाला फोन करा

ग्रुपवर सगळे 'हो' म्हणतात, कारण नाही म्हणणारा वाईट दिसतो. म्हणून प्रत्येकाशी वेगळं बोला. शक्य असेल तर भेटून, चहावर, वाद्याशिवाय. विचारायच्या गोष्टी साध्या आहेत. महिन्यातले किती तास देता येतील? वर्षभरात किती पैसे घातले तर घरी ताण येणार नाही? सध्या काय ऐकतोस? आणि मागचं काही मनात राहिलंय का?

शेवटचा प्रश्न टाळू नका. बँड मोडला तेव्हाचं कारण बहुतेक वेळा संगीताचं नसतंच. कोणीतरी उसने पैसे दिलेले असतात, सीडीवर एखाद्याचं नाव राहिलेलं असतं, ड्रमरला न विचारता त्याच्या जागी दुसरा उभा केलेला असतो. ते तेव्हाच बोललं गेलं नाही म्हणून आता बोलायचं. नाहीतर तिसऱ्या तालमीत बेसच्या आवाजावरून वाद होतो आणि आत वेगळाच हिशेब चाललेला असतो.

तासांचं उत्तर ऐकताना समोरच्याच्या घराचाही विचार करा. चाळिशीतल्या माणसाची रविवार सकाळ त्याच्या एकट्याची नसते. आई-वडिलांची तपासणी, मुलांचे क्लास, सोसायटीची कामं यांतून उरलेले महिन्याचे सहा तास कोणी मनापासून दिले, तर ते 'कधीही बोलाव'पेक्षा जास्त भरवशाचे. सगळ्यांच्या आकड्यांतला सर्वांत लहान आकडा धरा आणि त्यावरच वेळापत्रक बांधा.

एखादा येणार नसेल तर त्याला आग्रह करू नका. त्याच्याकडून दोनच गोष्टी मागा: नाव वापरायला लेखी संमती, आणि जुन्या गाण्यांतल्या त्याच्या वाट्याबद्दल एक स्पष्ट कागद. आणि त्याच्या जागी येणाऱ्याला "तो वाजवायचा तसं वाजव" हे वाक्य कधीच ऐकवू नका. अमेरिकन फुटबॉल या इलिनॉयच्या बँडमध्ये १९९९ च्या पहिल्या अल्बमच्या वेळी तिघंच होते. २०१४ मध्ये ते परतले तेव्हा गायकाचा चुलतभाऊ नेट किन्सेला बेसवर आला, आणि २०१६ चा दुसरा अल्बम चौघांचा झाला. नव्या माणसाला नवी जागा मिळाली तर बँडही पुढे सरकतो.

दुसरी पायरी: नाव कोणाचं, चाल कोणाची

हा भाग कोरडा वाटेल, पण मैत्री टिकवण्याचं निम्मं काम इथे होतं. नवं गाणं तयार झाल्यावर हे बोलणं अवघड जातं. कमावण्यासारखं अजून काही नाही तोवरच बोलून घ्या.

आधी जुन्या गाण्यांचं. एका गाण्यात कायद्याने वेगवेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. शब्द आणि चाल सहसा करणाऱ्यांची. ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र ज्याने ते करण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेतली त्याचा. बहुतेक वेळा पैसे घालणाऱ्याचा. स्वतःच्या पैशांनी स्टुडिओ घेतला असेल तर प्रश्न मिटला. पण तेव्हा एखाद्या छोट्या कंपनीने कॅसेट किंवा सीडी काढली असेल, तर तो करार शोधा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं १९ वं कलम इथे उपयोगी पडतं. हक्क किती वर्षांसाठी दिले ते करारात लिहिलेलं नसेल तर ती मुदत पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. या तरतुदी १९९४ च्या दुरुस्तीतून आल्या, म्हणून कराराचं साल बघा आणि कागद वकिलाला दाखवा. तासाभराच्या सल्ल्याचे पैसे वाया जात नाहीत. करारात काही वर्षं तेच गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित न करण्याची अट आहे का, हेही त्याच वेळी विचारून घ्या.

मग नव्या गाण्यांचं. माझं ठाम मत असं की पुन्हा एकत्र येणाऱ्या बँडने नव्या गाण्यांचा वाटा समान ठेवावा. आर. ई. एम. या बँडने वर्षानुवर्षं आपली गाणी चौघांच्या नावे लावली. कोणत्या ओळीचा जनक कोण, यावर त्यांना वाद घालावा लागला नाही. तालमीत ठेका बदलल्यामुळे अख्खी चाल बदलते, आणि तो बदल करणारा ड्रमर कागदावर कुठेच नसतो. समान वाटा ठेवला की कोणी आपली कल्पना राखून ठेवत नाही. तुमच्याकडे शब्द एकाच माणसाचे असतील तर शब्दांचा हक्क त्याचा आणि चालीचा सगळ्यांचा, असंही करता येतं. काय ते एका पानावर मराठीत लिहा, तारीख टाका, सगळ्यांच्या सह्या घ्या.

त्याच पानावर आणखी तीन ओळी हव्यात. एखादा सोडून गेला तर नाव कोणाकडे राहील. बँडचे पैसे कोणत्या खात्यात येतील. खर्चाला कोणा दोघांची संमती लागेल. पैसे एकाच्याच पॅनवर येत असतील तर टीडीएस आणि उत्पन्न त्याच्याच नावावर दिसतं. वर्षाअखेरीस कराचा भार त्याच्या एकट्यावर पडू नये म्हणून हिशेब महिन्याच्या महिन्याला करा.

नावाचा ट्रेडमार्क घ्यायचा तर कार्यक्रमांसाठी ४१ वा वर्ग आणि ध्वनिमुद्रणांसाठी ९ वा. व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये शुल्क आहे, आणि नोंदणी दहा वर्षांची असते. एवढी घाई नसेल तर निदान शोध तरी घ्या. तुमच्या गैरहजेरीत त्याच नावाचा दुसरा बँड कुठल्या तरी देशात उभा राहिलेला असू शकतो.

तिसरी पायरी: कान, गळा, हात

विशीत न जाणवलेल्या गोष्टी आता जाणवतात, आणि त्यांत पहिला नंबर कानांचा. बॉस्टनचा मिशन ऑफ बर्मा हा बँड १९८३ मध्ये थांबला तो गिटारवादक रॉजर मिलर यांच्या कानांत सतत घुमणाऱ्या आवाजामुळे. २००२ मध्ये ते परतले तेव्हा मिलर कानांवर नेमबाजांचे जाड संरक्षक घालून वाजवत आणि ड्रम्सपुढे पारदर्शक पडदा लावलेला असे. अशी सोय करून त्यांनी २००४ मध्ये नवा अल्बम केला आणि पुढेही करत राहिले.

हिशेब असा आहे: ८५ डेसिबलमध्ये आठ तास ही सुरक्षिततेची मर्यादा मानली जाते, आणि दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. छोट्या जॅमरूममध्ये (तालमीच्या भाड्याच्या खोलीत) ड्रम्स आणि दोन अँप (गिटारचा आवाज वाढवणारी यंत्रं) चालू असतील तर शंभराचा आकडा सहज ओलांडला जातो. वादकांसाठी मिळणारे, सगळे स्वर सारखे कमी करणारे इअरप्लग पहिल्या तालमीआधी सगळ्यांनी घ्या. कापसाचे बोळे नकोत. त्यांनी वरचे स्वर जातात, मग गिटारवाला ट्रेबल वाढवतो आणि सगळ्यांचाच आवाज चढत जातो.

गायकाची पट्टी खाली आली असेल तर ती तशीच मान्य करा. सगळ्या गिटार अर्ध्या किंवा एका स्वराने खाली लावल्या की बरीचशी जुनी गाणी पुन्हा गळ्यात बसतात. तारा ढिल्या वाटू लागल्या तर एक माप जाड घ्या. नव्या गाण्यांची पट्टी मात्र गायकाच्या आजच्या गळ्यावरून ठरवा. गिटारवर रिफ (पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा छोटा तुकडा) सोपा पडतो म्हणून नव्हे.

ड्रमरने पहिल्या तालमीआधी महिनाभर तरी सरावाच्या पॅडवर रोज थोडं वाजवावं. मनगट आणि खांदा एकदा दुखावले की आठवडे जातात. गिटारवाल्यांच्या बोटांचे घट्टे काही आठवड्यांत परत येतात. आणि माळ्यावर दहा वर्षं पडलेला व्हॉल्व्हचा अँप थेट प्लगला लावू नका. आतले कपॅसिटर कोरडे पडलेले असतात, आणि बंद अँपमध्येही धोकादायक विद्युतभार राहू शकतो. आधी तो जाणकार मिस्त्रीला दाखवा.

चौथी पायरी: नवं गाणं

पहिल्या तालमीत दोन जुनी गाणी वाजवा. अंगात साठलेलं असतं, ते बाहेर आल्याशिवाय पुढचं काही सुचत नाही. एकमेकांचा ठेका कुठे पुढे पळतो, कोण कोणाकडे बघून समेवर येतो, हेही त्यातून पुन्हा कळतं. दुसऱ्या तालमीपासून मात्र आधी नवं, आणि वेळ उरला तरच जुनं.

या क्रमावर मी एवढा अडून बसतो, कारण जुनी गाणी लगेच बक्षीस देतात. ती वाजतात, टाळ्या मिळतात, आणि नव्या गाण्याची चाचपडणारी, अर्धवट अवस्था त्यापुढे केविलवाणी वाटू लागते. अमेरिकेतले पिक्सीज २००४ मध्ये परतले ते जुनी गाणी घेऊन, आणि वर्षानुवर्षं दौरे करत राहिले. त्यांचा पुढचा अल्बम आला २०१४ मध्ये. तोवर बेसवादक किम डील बँड सोडून गेल्या होत्या. उलट स्लीटर-किनी या तिघींच्या बँडने २००६ मध्ये काम थांबवल्यावर नवा अल्बम गुपचूप ध्वनिमुद्रित केला. २०१४ मध्ये जुन्या अल्बमांचा संच निघाला, त्यात एका नव्या गाण्याची छोटी तबकडी काही न सांगता ठेवली होती, आणि अल्बम जानेवारी २०१५ मध्ये आला. जगाला कळलं तेव्हा काम झालेलं होतं. तुम्हाला एवढी गुप्तता नको असेल, पण क्रम तोच ठेवा.

कामाची पद्धत अशी. प्रत्येकाने फोनवर रेकॉर्ड केलेला अर्ध्या-एक मिनिटाचा तुकडा आणायचा. रिफ, ठेका, गुणगुणलेली ओळ, काहीही चालेल. पूर्ण गाणं मात्र कोणीच आणायचं नाही. एकाने तयार गाणं आणलं की बाकीचे त्याचे साथीदार होतात. तुकडा आणला की प्रत्येकाला त्यात काहीतरी घालावंच लागतं, आणि बँडचा आवाज तिथे तयार होतो. आणणाऱ्याने आपल्या तुकड्यावर फार बोलू नये. वाजवून दाखवावं आणि वीस मिनिटं इतरांच्या हवाली करावं.

सगळं रेकॉर्ड करा. फोन खोलीच्या मध्यावर, झांजांपासून दूर, जरा उंचावर ठेवला की पुरेसं स्पष्ट येतं. फाइलला तारखेचं नाव द्या. तालमीनंतर एकाने अख्खं ऐकून त्यातले तीन तुकडे वेळेसह ग्रुपवर टाकायचे. ही पाळी दर वेळी बदला. खोलीत भारी वाटलेला भाग दुसऱ्या दिवशी बसमध्ये ऐकताना साधा निघतो, आणि दोन गाण्यांच्या मधे ड्रमर सहज वाजवत होता तेच कानात राहतं. असे तुकडे फक्त रेकॉर्डिंगमध्येच सापडतात.

सगळे सतत वाजवत राहणं ही कॉलेजच्या बँडची सवय असते, कारण स्पर्धेत प्रत्येकाला आपला हात दाखवायचा असतो. आता मुखड्याला एक गिटार थांबवून बघा. पहिल्या अंतऱ्यात फक्त बेस आणि आवाज ठेवून बघा. कोणी काही न वाजवण्याची जागा शोधली तर तेही योगदानच आहे, आणि समान वाट्याचा कागद असला की हे पटवणं सोपं जातं.

शब्दांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण परतलेले बँड इथे सर्वांत जास्त अडखळतात. विशीतल्या रागाची नक्कल चाळिशीत करू नका. ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं. त्या वयात नसलेले विषय आज तुमच्याकडे आहेत: म्हातारे होत चाललेले वडील, विकलेलं गावचं घर, परदेशातल्या मित्राचा तुटत गेलेला संवाद, ऑफिसातून परतताना हायवेवर गेलेली वर्षं. हे विषय रॉकमध्ये बसतात. रॉकला जोर लागतो, आणि दबलेल्या गोष्टींत तो भरपूर असतो.

आणि तेव्हा इंग्रजीत गायलात म्हणून आताही इंग्रजीतच गायला हवं असं नाही. २००३ मध्ये सुरू झालेल्या अवियल या बँडने मल्याळममध्ये रॉक केला तो अगदी मोकळेपणाने. मराठीत लिहिताना एक अडचण पहिल्याच दिवशी येईल. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे 'जातो, येतो, होतो' अशी यमकं आपोआप जुळतात आणि गाणं बडबडगीतासारखं वाटू लागतं. उपाय म्हणजे क्रियापद ओळीच्या मधे आणा आणि शेवटी नाम ठेवा. मराठीची वाक्यरचना तेवढी मोकळीक देते. दुसरं, आघाताच्या मात्रेवर महत्त्वाचा शब्द पडतोय का ते वाजवता वाजवता तपासा. कागदावर छान दिसणाऱ्या ओळीत 'आणि' समेवर येतो आणि सगळा जोर त्यातच जातो.

मतभेद होणारच. त्यासाठी साधा नियम ठेवा: ज्याच्या तुकड्यातून गाणं निघालं, त्या गाण्यापुरता शेवटचा शब्द त्याचा. पुढच्या गाण्यात दुसऱ्याचा. दर वेळी मतदान घेतलं तर सगळ्यांना जरा जरा आवडणारं आणि कोणालाच फार न आवडणारं गाणं तयार होतं.

"हे आपल्यासारखं वाटत नाही" असं कोणीतरी म्हणेल. थोडं थांबा. स्लोडाइव्ह या इंग्लिश बँडचे १९९५ आणि २०१७ चे अल्बम लागोपाठ ऐका. मधे बावीस वर्षं गेली आहेत. माणसं जवळपास तीच असल्याचं कळतं आणि वय वाढल्याचंही कळतं. दोन्ही लपवलेलं नाही. तुमचा जुना आवाज तुमच्या हातांत आहे, तो मुद्दाम आणावा लागत नाही.

एखादा परदेशात असेल तर

इंटरनेटवरून एकत्र वाजवायचा प्रयत्न करू नका. आवाज पोचायला २५-३० मिलिसेकंदांहून जास्त उशीर झाला की ठेका सुटतो, आणि पुणे ते न्यू जर्सी जाऊन-येऊन लागणारा वेळ त्याच्या कित्येक पट आहे. फाइलीच पाठवा. गाण्याची गती आधी ठरवा, क्लिकवर (कानात ठरलेल्या गतीचे ठोके देणाऱ्या आवाजावर) एक कच्चा ट्रॅक तयार करा आणि प्रत्येकाने आपला भाग पहिल्या मात्रेपासून सुरू होणाऱ्या फाइलीत द्यावा, दर्जा सगळ्यांचा एकच: २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. म्हणजे कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडून ओळीने लावलं की सगळं जुळतं. फाइलीच्या नावात वाद्य, गती आणि तारीख असावी. 'फायनल' हा शब्द नावात वापरू नका.

बोलण्याची वेळ ठरलेली ठेवा. न्यू जर्सी उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा, त्यामुळे आपली रविवार संध्याकाळ सगळ्यांना जमते. आणि तो माणूस सुट्टीला येईल तेव्हाचे दिवस कार्यक्रमात घालवू नका. ध्वनिमुद्रण तेव्हा ठेवा.

पाचवी पायरी: ध्वनिमुद्रण

एकाच गाण्याचं करा, फार तर दोनांचं. हातात पैसे थोडे असतील तर ते दोन ठिकाणी घाला: ड्रम्ससाठी चांगली खोली आणि मिक्ससाठी (सगळे ट्रॅक तोलून एकत्र करायला) बाहेरचा माणूस. गिटार आणि आवाज घरी, गाद्या-रजयांच्या आडोशाला, व्यवस्थित होऊ शकतात. ड्रम्स होत नाहीत.

ड्रम्स, बेस आणि एक गिटार एकाच वेळी, एकमेकांना बघत वाजवा, मग बाकीचं वर चढवा. इतक्या वर्षांनी एकत्र आलात ते एकत्र वाजण्यासाठी. प्रत्येकाने वेगळ्या दिवशी येऊन आपापला भाग वाजवला तर ते हरवतं. क्लिक हवा की नको हे गाणं सांगेल. मुखड्याला नैसर्गिकपणे वेग वाढत असेल तर तो दाबू नका. क्लिकचाच हट्ट असेल तर मुखड्यापुरती गती जराशी वाढवून ठेवता येते.

मिक्स बँडमधल्या कोणीही करू नये असं माझं मत आहे, कितीही येत असलं तरी. प्रत्येकाला आपलं वाद्य ओळखीचं असतं, म्हणून ते कमी ऐकू येतं. बाहेरच्याला गाणं ऐकू येतं. मास्टरिंगमध्ये, म्हणजे मिक्सवरच्या शेवटच्या हातात, आवाज फुगवून घेऊ नका. स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसला (हे ऐकू येणाऱ्या आवाजाच्या मोठेपणाचं माप) सगळ्यांची पातळी सारखी करतं, तेव्हा दाबून मोठं केलेलं गाणं तिथे फक्त चपटं वाटतं.

जुन्या टेपांचंही याच वेळी बघा. कॅसेट, डॅट (डिजिटल टेप), लिहिलेल्या सीडी आणि जुन्या हार्ड डिस्क मुंबई-कोकणाच्या दमट हवेत टिकत नाहीत. २४ बिटमध्ये उतरवून तीन ठिकाणी ठेवा, एक प्रत घराबाहेर.

सहावी पायरी: बाहेर आणताना

जुनी गाणी स्ट्रीमिंगवर आधी चढवा, म्हणजे नवं ऐकून आलेल्याला मागचं सापडेल. ती पूर्वी कुठे होती आणि आता वितरक (गाणी ऑनलाइन सेवांवर पोचवणारी कंपनी) बदलत असाल तर त्याच ध्वनिमुद्रणाला जुनाच आयएसआरसी क्रमांक (प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा ओळख-क्रमांक) द्या. नवा दिला तर आधीच्या ऐकण्याचा आकडा तुटतो. त्याच नावाच्या दुसऱ्या बँडच्या पानावर तुमची गाणी जाऊन बसली नाहीत ना, हे प्रदर्शनाआधी तपासा.

नवं गाणं वितरकाकडे चार आठवडे आधी द्या. स्पॉटिफायच्या संपादकांकडे ते किमान सात दिवस आधी पाठवावं लागतं. गाणं बारा महिन्यांत हजारदा ऐकलं गेलं नाही तर तिथे त्याची रॉयल्टी मिळत नाही, म्हणून त्या पैशांवर हिशेब बांधू नका. शब्द आणि चालीसाठी आयपीआरएस या, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सदस्यत्व घ्या आणि दुसऱ्या पायरीच्या कागदावरचे वाटे तिथे जसेच्या तसे नोंदवा. प्रत्येकाला स्वतंत्र सदस्य व्हावं लागतं; 'बँड' म्हणून नोंद होत नाही.

घोषणा आता करा. ऐकवण्यासारखं हातात आहे.

पहिला कार्यक्रम लहान जागेत ठेवा आणि यादीत तिसरा हिस्सा तरी नवी गाणी घ्या. ती सुरुवातीच्या टप्प्यात वाजवा, लोकांचे कान ताजे असताना. उघड्यावर असेल तर रात्री दहाची मर्यादा धरूनच वेळ आखा, आणि शंभर मीटरच्या आत रुग्णालय, शाळा-कॉलेज किंवा न्यायालय आहे का ते बघा. शांतता क्षेत्राच्या याच नियमाने मुंबईतल्या रॉकचं घर असलेलं धोबी तलावचं रंगभवन शांत झालं. ऐकणारे मात्र गेलेले नाहीत. तिथे वाढलेला इंडिपेंडन्स रॉक महोत्सव २०२२ मध्ये माझगावला परतला तेव्हा जुने आणि नवे बँड एकाच मंचावर होते.

दुसऱ्या गाण्यासाठी जॅमरूमची तारीख पहिलं गाणं प्रदर्शित होण्याच्या आधीच्या आठवड्यातच पक्की करा आणि आगाऊ पैसे भरून टाका. प्रदर्शनानंतर ग्रुप अभिनंदनाने आणि आकड्यांनी भरून जातो, आणि त्यात दोन महिने सहज निघून जातात. त्या तारखेला येताना प्रत्येकाने अर्ध्या मिनिटाचा नवा तुकडा आणायचा, आणि या वेळी ज्याच्या तुकड्यातून पहिलं गाणं निघालं नव्हतं त्याचा आधी ऐकायचा.